भयाची बखर

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचे खोरे हादरले. भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर ६ च्या वर गेली, सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली वा निकामी झाली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. इतिहास एवढे नोंदवून पुढे सरकतो. मनात जे हादरत राहिले, त्याची बखर सहसा लिहिली जात नाही.

त्या भयाला आधार होता. १९६२ च्या सुमारास जलाशय भरू लागला, तसे लहान धक्केही जाणवू लागले होते. पानशेत फुटून पुण्याची दैना उडाली ती १२ जुलै १९६१ रोजी. कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीस जाते. 'धरण फुटले तर?' या प्रश्नाला वेडगळ कोण म्हणणार?

भय समोरच्या संकटाचे, चिंता येऊ शकणाऱ्या संकटाची. दोहोंत मेंदूतील बदामाच्या आकाराच्या अमिग्डालाचा मोठा वाटा असतो. कानावर पडलेला आवाज कसला, हे बुद्धी ठरवते न ठरवते तोच तिच्यापर्यंत वर्दी पोहोचते. मग मूत्रपिंडावरील ग्रंथी अॅड्रेनॅलिन सोडतात, छाती धडधडते. मागाहून कॉर्टिसोल येते. 'धक्का नव्हे, मालमोटार गेली,' असे समजावून तिला आवरण्याचे काम कपाळामागील मेंदूचे. पेशींची खळबळ शमवणारे 'गाबा' हे रसायन त्याला साह्य करते. पण पुढचा धक्का केव्हा येईल हे ठाऊक नसले, की पहारा उठतच नाही.

उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट कळली. ओसरलेले भय पुसले जात नाही. नवी आठवण त्यावर केवळ पांघरूण घालते. नवा धक्का बसला की पांघरूण सरकते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तो पूर पाहिलेल्याच्या पोटात आभाळ भरून येताच गोळा उठला, तर त्याला भित्रा म्हणणे अडाणीपणाचे होय. त्याचा मेंदू आपले काम चोख करीत असतो.

अशा माणसाला उपदेश पुरत नाही. झोप उडाली असेल, तर वैद्यकीय उपचार हवेत. आणि धरणातून किती पाणी सोडले, याचा खरा आकडा वेळेवर सांगणे, हेही नदीकाठचे एक औषधच आहे.