सुरतेचा दाता आणि मुंबईचे विद्यापीठ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. त्यामुळे त्यांचे गुणवर्णन मी करणार नाही. माझा विषय इतिहासाचा आहे. शिकून सवरून मोठ्या झालेल्या माणसांनी आणि त्यांच्या घराण्यांनी आपल्या विद्यास्थानाचे ऋण कसे फेडले, या प्रश्नाचा एक लहानसा तुकडा आज आपल्यापुढे ठेवावा, एवढाच हेतू आहे.

नवागामात हा विषय निवडण्यास कारण आहे. येथील बहुतेक घरे धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून तापीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरली. पहिली पिढी यंत्रमागावर उभी राहिली, दुसरी या शाळेच्या बाकांवर बसली, तिसरी आता महाविद्यालयात जाऊ लागली आहे. अशा घरांतून माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काही करा असे म्हटले की बहुधा एकच उत्तर येते : ‘आम्ही काही शेठ नव्हे.’ हे उत्तर खोटे नाही. पण ते इतिहासाला धरून आहे काय, हे तपासण्याजोगे आहे. आणि त्यासाठी सुरतेच्याच एका खऱ्याखुऱ्या शेठपासून आरंभ करणे सोयीचे पडेल.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेत, जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद सुरत सोडून मुंबईस गेले आणि मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये घातले. ही शाळा स्वतःच लोकांच्या देणगीतून उभी राहिली होती. १८२७ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले, तेव्हा इलाख्यातील संस्थानिकांनी, सरदारांनी व सावकारांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाख रुपयांहून अधिक वर्गणी जमविली आणि ती पुतळ्यावर न उधळता अध्यापकांच्या नेमणुकांसाठी ठेवली. म्हणजे ज्या बाकावर प्रेमचंद बसले, त्या बाकाचे लाकूडही कोणीतरी आधी दिलेले होते. या शाळेत त्यांना जे इंग्रजी मिळाले, त्याच्याच बळावर ते दलालीच्या धंद्यात इतरांच्या पुढे निघून गेले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची सारी मागणी पश्चिम हिंदुस्थानकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्या सर्वांच्या शेअरांचा भाव ज्यांच्या शब्दावर वरखाली होई, ते प्रेमचंद रायचंद होते. हा पैसा निर्मळ होता असे मी म्हणणार नाही. तो सट्ट्याचा होता, आणि त्या सट्ट्यात पुढे असंख्य कुटुंबे बुडाली.

याच काळात मुंबई विद्यापीठ बेघर होते. १८५७ च्या जुलैत कायद्याने जन्मलेल्या या संस्थेला स्वतःची भिंतही नव्हती; तिचा कारभार आणि पदवीदान समारंभ टाउन हॉलच्या आश्रयाने चाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी मुंबईच्या धनिकांना हाक दिली. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. प्रेमचंदांनी १८६४ च्या ऑगस्टमध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले, आणि ऑक्टोबरमध्ये आणखी दोन लाख, घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्यास आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली.

राजाबाईंना दृष्टी नव्हती, जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे लागे, आणि वेळ कळावी म्हणून मुलाने घंटांचा मनोरा बांधला, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. गोष्ट गोड आहे. मला मात्र त्यापेक्षा एक साधी बाब लक्षणीय वाटते : ग्रंथालयाला त्यांनी स्वतःचे नाव मागितले नाही. त्यात कोणती पुस्तके असावीत, कोणी शिकावे, कोणत्या जातीच्या मुलास प्रवेश असावा, याविषयी एकही अट घातली नाही. ज्या विद्यापीठाची पदवी त्यांना नव्हती, कारण ते शाळेतून बाहेर पडले तेव्हा विद्यापीठच नव्हते, त्या विद्यापीठाला त्यांनी आपल्या शाळेचे पुढचे पाऊल मानले.

त्यानंतर नऊ महिन्यांत सारे कोसळले. अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचे भाव खाली आले, आणि १८६५ च्या १ जुलैला मुंबईच्या बाजारात हाहाकार उडाला. प्रेमचंद स्वतः बुडाले. बाँबे बँकेच्या नाशात त्यांचा हात होता असे आरोप झाले आणि चौकशी झाली. पण विद्यापीठाच्या हाती आलेली रक्कम त्या पुरात वाहून गेली नाही. १८६९ च्या मार्चमध्ये पाया घातला गेला, १८७८ च्या नोव्हेंबरात २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. बांधकामास सुमारे साडेपाच लाख रुपये लागले. आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेही नव्हते. दात्याची पेढी गेली, दान राहिले. कापसाच्या तेजीतला जो पैसा प्रेमचंदांनी आपल्यापाशी ठेवला तो नाहीसा झाला, आणि जो देऊन टाकला तो आजही फोर्टमध्ये उभा आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते. त्यांतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती निघाली, आणि बंगालच्या विद्वज्जगात तिच्याइतका मान क्वचितच दुसऱ्या कोणत्या बक्षिसाला मिळाला. ती मिळविणाऱ्यांत जदुनाथ सरकार हे एक होते. याच जदुनाथांनी पुढे १९१९ साली शिवाजी महाराजांवरील आपला प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लिहिला. १६६४ साली महाराजांनी ज्या सुरतेची लूट केली, त्या सुरतेच्या व्यापाऱ्याच्या पैशावर महाराजांच्या चरित्रकाराची उमेदवारी झाली! मराठी मंडळींनी जदुनाथांच्या मतांवर पुष्कळ वाद घातले. त्यांच्या शिष्यवृत्तीचे मूळ मात्र फारसे कोणी पाहिले नाही. सुरतेत आणि भडोचमध्ये वडिलांच्या नावाने प्रेमचंदांनी शिक्षणाची जी कामे केली, त्यांत सुरतेची रायचंद दीपचंद कन्याशाळाही येते. ती तुमच्या ओळखीची असेल.

हे झाले शेठांचे. आता ज्यांच्याजवळ लाख काय, हजारही नव्हते, त्यांच्याकडे वळू.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. परीक्षेत चार जण उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघेही मराठी घरांतले, आणि त्यांतील एकही धनिक नव्हे. रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या श्रावणातील दक्षिणेचा जो निधी इंग्रजांनी पुढे चालविला, त्याचाच एक भाग या विद्यार्थी-शिक्षकांच्या वेतनाकडे वळविला गेला होता. तेव्हा त्यांच्याही डोक्यावर कोणाचे तरी ऋण होतेच. ते त्यांनी कसे फेडले?

मोडक शिक्षक झाले आणि ज्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले त्याच नावाच्या हायस्कुलाचे पहिले भारतीय मुख्याध्यापक झाले. भांडारकरांनी एल्फिन्स्टन व डेक्कन या महाविद्यालयांत संस्कृत शिकविले, १८९३ ते १८९५ या काळात विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, आणि उतारवयात आपला ग्रंथसंग्रह १९१७ साली पुण्यात त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन केला.

रानड्यांची परतफेड मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती विद्यापीठाशी भांडून केलेली आहे. आरंभीच्या काही वर्षांत विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. १८६० नंतरच्या दशकात ती काढून घेण्यात आली, आणि मराठी, गुजराती, कानडी या भाषा मॅट्रिकच्या पायरीवरच थांबल्या. विद्यापीठाचा पहिला पदवीधर म्हणून रानड्यांना सेनेटमध्ये स्थान होते. सरकारी नोकरी, काँग्रेस, प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद हा सारा व्याप सांभाळून त्यांनी हा विषय सोडला नाही. मराठीत ग्रंथ आहेतच कोठे, असे विरोधक म्हणत. म्हणून मराठीत किती आणि काय छापले गेले याची टिपणे त्यांनी करून मांडली. गुजरातीच्या बाजूनेही ते तितक्याच आग्रहाने बोलत. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले, आणि त्याच वर्षी एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांचा प्रवेश झाला. राजाबाईच्या मनोऱ्याखालच्या ग्रंथालयात मराठी ग्रंथ परीक्षेसाठी वाचला जाऊ लागला, तो या माणसामुळे. ज्या शाळेत आपण बसलो आहोत तेथे मराठी शिकविणारे शिक्षक ज्या पदव्या घेऊन येतात, त्या पदव्यांची वाट तेव्हा मोकळी झाली. हे दान रुपयांत मोजता येत नाही.

रानड्यांनंतरच्या पिढीतले धोंडो केशव कर्वे १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. फर्ग्युसनमध्ये, महिना पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे सेवेची शपथ घेतलेल्या आजीव सेवकांत ते सामील झाले, आणि १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. ज्या विद्यापीठाने त्यांना घडविले त्याची वाट बहुतेक मुलींना बिकट होती. तेव्हा मातृभाषेतून शिकविणारे दुसरे विद्यापीठ उभारणे हीच त्यांची परतफेड ठरली. या विद्यापीठाचे पहिले कुलपती कोण झाले? १८६२ च्या चार पदवीधरांपैकी भांडारकर. कुलगुरू झाले रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. ज्या मुलाला कर्व्यांनी शिकण्यासाठी आपल्या घरी ठेवून घेतले होते, तो हा. संस्थेच्या एक विधवा कार्यकर्त्या पार्वतीबाई आठवले, इंग्रजी जेमतेम येत असताना, पैसे जमविण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्व्यांचे मुलगे आणि सुनाही या कामातून सुटल्या नाहीत. स्नुषा इरावतीबाई १९३० नंतरच्या काही वर्षांत या विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले, आणि आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव त्याला लागले. राजाबाई आणि नाथीबाई : दोन गुजराती माता, आणि त्यांच्या नावांखाली शिकलेल्या मराठी मुलामुलींच्या पिढ्या. मात्र दोन दानांत फरक आहे, आणि तो झाकण्याचे कारण नाही. ठाकरसींचे दान अटींसह होते. मूळ रक्कम एकदम हाती न देता तिच्या व्याजापोटी वर्षाला साडेबावन्न हजार रुपये मिळावयाचे होते. पैशाविना अडलेल्या कर्व्यांनी त्या अटी मान्य केल्या. १९३६ साली विद्यापीठ पुण्याहून मुंबईस गेले, तेव्हा पुण्याच्या अनेकांना ते टोचले. तरी ठाकरसी घराण्याच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. विठ्ठलदास १९२२ सालीच वारले; त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंनी पुढची कित्येक वर्षे त्या विद्यापीठासाठी दिली, आणि १९५१ साली त्याला सरकारची वैधानिक मान्यता मिळाल्यावर त्याच त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. पतीने धन दिले, पत्नीने वेळ दिला. अटींचा जाच ज्यांनी सोसला, त्यांनीच ही सेवाही पाहिली.

अलीकडचे एकच उदाहरण देतो. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तेव्हा वस्त्ररसायन हा तेथील पहिल्या विषयांपैकी होता. सुरतेच्या डाइंग मिलमध्ये राबणाऱ्यांना त्या विद्येचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे स्वतंत्र झालेल्या या संस्थेला तिचे माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी २०२५ च्या जूनमध्ये, आपले गुरू मनमोहन शर्मा यांची गुरुदक्षिणा म्हणून, १५१ कोटी रुपये जाहीर केले. ते बिनशर्त आहेत, असे त्यांनी सांगितले. प्रेमचंदांच्या पत्राची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

प्रेमचंदांचा मनोरा शंभर-सव्वाशे वर्षांत काळवंडला होता, त्याच्या रंगीत काचा फुटल्या होत्या. २०१३ ते २०१५ या काळात मनोऱ्याची व ग्रंथालयाची दुरुस्ती झाली. टाटांच्या संगणक कंपनीने खर्च उचलला, आणि २०१८ साली या कामास युनेस्कोचे सन्मानपत्र मिळाले.

‘आम्ही काही शेठ नव्हे’ म्हणणाऱ्यांपैकी कोणाची मुंबईस फेरी झाली, तर ओव्हल मैदानाच्या कडेने चालत जावे आणि त्या मनोऱ्याकडे मान वर करून पाहावे. मग त्याच्या पायथ्याशी असलेल्या ग्रंथालयाच्या खिडक्यांकडेही पाहावे. वरचा भाग सुरतेच्या एका माणसाने दिला. खाली बसून मराठी वाचण्याचा हक्क मात्र एका पगारी न्यायाधीशाने सेनेटच्या बैठकांत, वर्षानुवर्षे हरत हरत, मिळविला.