रत्नागिरी जिल्ह्याचे हवामान

महाराष्ट्राच्या कोकण विभागातील या किनारी जिल्ह्याचे हवामान उष्ण, दमट व अतिवृष्टीचे आहे. पूर्वेस सह्याद्रीचा कडा व पश्चिमेस अरबी समुद्र यांमधील चिंचोळ्या, डोंगराळ पट्टीत जिल्हा वसला असून १९८१ मध्ये त्याच्या दक्षिण भागातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा करण्यात आला. सरासरी वार्षिक पर्जन्यमान सु. ३३० सेंमी. असून त्याचा नऊ-दशांशांहून अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जिल्ह्याच्या इतिहासात पावसाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या या वाटणीस अधिक महत्त्व आहे. चार महिने पाण्याचा सुकाळ व पुढे उत्तरोत्तर टंचाई, या चौकटीतच येथील शेती, नौकानयन व लोकवस्ती यांची घडण झाली.

नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात व सह्याद्रीच्या अडथळ्यामुळे वर चढून थंड होतात. त्यामुळे किनाऱ्यापेक्षा डोंगरपायथ्याशी पाऊस अधिक असतो. जुलै हा सर्वांत जास्त पावसाचा महिना होय. किनाऱ्यावर दिवसा खारे व रात्री मतलई वारे वाहत असल्याने तेथे उन्हाळा व हिवाळा दोन्ही सौम्य असतात. रत्नागिरी येथे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान सु. ३३° से., तर जानेवारीतील किमान सु. १९° से. असते. चिपळूण, खेड या आतील भागांत एप्रिल-मेमध्ये पारा कधीकधी ४०° से. च्या जवळ जातो.

शेतीचे वर्ष पावसाच्या नक्षत्रांनी बांधलेले आहे. उन्हाळ्यात पालापाचोळा, कवळे व शेण पसरून भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. मृगाच्या सरींवर पेरणी होते व आर्द्रा-पुनर्वसू नक्षत्रांत चिखल करून लावणी चालते. भर पावसात वाकून करावयाच्या या कामासाठी बांबूच्या कामट्या व पाने यांची इरली पाठीवर घेण्याची पद्धत होती; तिची जागा आता प्लॅस्टिकच्या कापडाने घेतली आहे. जमिनीतील ओल किती दिवस टिकेल हे पाहून हळव्या, निमगरव्या वा गरव्या जातीचे भात निवडले जाते. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके दोन-तीन वर्षे घेऊन जमीन पड टाकावी लागे, कारण मुसळधार पावसाने मातीचा कस वाहून जातो. हिवाळ्यात पाटाचे पाणी मिळेल तेथेच वायंगण भात होते व अशी जागा थोडी आहे. पावसाळ्यापूर्वीचा काळ घरे शाकारण्याचा आणि धान्य, जळण व सुकी मासळी यांची बेगमी करण्याचा असे. आगोटीच्या या तयारीवर पुढील चार महिने निभत, कारण नद्यांना पूर आल्यावर गावागावांतील दळणवळण तुटे. खेडजवळून वाहणाऱ्या नदीचे जगबुडी हे नावच पुरेसे बोलके आहे.

समुद्रावरील व्यवहारही याच ऋतुचक्राने बांधलेला होता. मध्ययुगात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील एक प्रमुख बंदर होते. पंधराव्या शतकात भारतात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकीतीन परतीच्या प्रवासासाठी येथूनच होर्मुझकडे निघाला. शिडांची जहाजे अनुकूल वाऱ्यांची वाट पाहत आणि मेअखेरीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली जात. युद्धेही त्यास अपवाद नव्हती. एप्रिल १७५५ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारानुसार कमोडोर जेम्सच्या इंग्रज आरमाराने तुळाजी आंग्रे यांच्याकडील हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग घेतला. परंतु पावसाळा तोंडावर आल्याने मोहीम थांबवून जहाजे मुंबईस परतली. विजयदुर्ग पडला तो फेब्रुवारी १७५६ मध्ये. आंग्र्यांच्या आरमाराला मिळालेले हे काही महिने मोसमी वाऱ्यांची देणगीच म्हणावी लागेल. पुढे आगबोटी सुरू झाल्यावरही पावसाळ्यात किनाऱ्यावरील उतारू वाहतूक बंद राही.

एका पिकावर कुटुंबाचे वर्ष निघत नसे. जमिनीचे लहान तुकडे व खोती पद्धतीतील खंडाचा बोजा यांनी ही अडचण वाढविली आणि एकोणिसाव्या शतकापासून जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने सैन्यात व मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागले. या स्थलांतराचे कारण केवळ हवामानात शोधणे चुकीचे ठरेल; तथापि भातकापणीनंतर रिकामे राहणारे महिने हा त्याचा एक पाया होता, यात शंका नाही.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. जिल्ह्याच्या मोठ्या भागावर सच्छिद्र जांभ्याचे सडे आहेत. त्यांत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे लवकर बाहेर पडते व उताराच्या तोकड्या नद्या ते समुद्रास नेऊन मिळवितात. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीपलीकडून वळविलेले पाणीही वाशिष्ठी नदीत सोडले जाते. त्याची वार्षिक मर्यादा ६७.५ अब्ज घनफूट आहे. या पाण्याचा बराचसा भाग वापरावाचून खाडीस मिळतो, ही येथील जलनियोजनातील सर्वांत ठळक उणीव होय.

पुराचा धोका चिपळूणला विशेष आहे. जुलै २००५ मध्ये व पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. दुसऱ्या वेळी घाटमाथ्यावरील अतिवृष्टी, खाडीची भरती व वाशिष्ठीतील साचलेला गाळ ही कारणे एकत्र आली. धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा किती, याविषयी वाद झाला. त्यानंतर नदीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्याच पावसात खेड तालुक्यातील पोसरे येथे दरड कोसळून जीवितहानी झाली. चक्रीवादळे येथे पूर्वमोसमी व उत्तरमोसमी काळांत येतात. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ वादळाने मंडणगड व दापोली तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या बागा उद्ध्वस्त केल्या. माडाला फळ धरण्यास अनेक वर्षे लागत असल्याने ही हानी एका हंगामापुरती नव्हती.

हापूस आंब्याचे पीक थंडीवर व कोरड्या उन्हावर अवलंबून असते. डिसेंबर ते फेब्रुवारीत मळभ राहिल्यास मोहोरावर तुडतुडे पडतात. अवकाळी सरींनी तो गळतो. फळ मृगाच्या आत उतरविणे आवश्यक असते. जिल्ह्यातून जाणारी कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. तिच्या गाड्याही दरडींच्या भीतीने पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकानुसार, कमी वेगाने धावतात.