सब्र आणि उलटी

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, सुईची भीती नाही वाटत, उलटीची वाटते. रिक्षा दवाखान्याच्या गल्लीत वळली, की तिथंच सुरू होते." अम्मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सब्र कर, बेटा."

घरी येऊन मी या उलटीचा इतिहास वाचायला घेतला. १९४८ साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी औषध देऊन मुलांचा ल्युकेमिया काही काळ मागे हटवल्याचे दाखवले. मुलांच्या केमोथेरपीची वाट तिथून मोकळी झाली. पुढे सिस्प्लॅटिनसारखी जालीम औषधे आली आणि वांत्यांनी हैराण झालेले काही रुग्ण उपचारच सोडू लागले. जीव वाचतोय ना, मग एवढे सोसायलाच हवे, असा तेव्हाचा समज होता.

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रमाइडच्या मोठ्या मात्रेने उलट्या कमी होतात हे दाखवले. पण या औषधाने मुलांची मान आणि जबडा आखडण्याचा धोका होता. मग उलगडा झाला, की केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि तिथल्या नसा तो निरोप मेंदूला पोहोचवतात. हा निरोप अडवणारे ऑन्डॅन्सेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन आले. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये तर मुलांना या औषधांसोबत सुंठेची पूडही देऊन पाहिली, आणि त्रास कमी झाला. कुरआनातली 'जंजबील' ती हीच, आपले आले.

या साऱ्यातला धडा साधा आहे: औषध उलटी झाल्यावर नव्हे, सलाईन सुरू होण्याआधी द्यायचे, आणि तेही पहिल्या वेळेपासून. कारण एकदा मेंदूने गल्ली आणि उलटीची सांगड घातली, की ती सोडवणे अवघड जाते.

अम्मीने डॉक्टरांना काहीच सांगितले नव्हते. "इतका मोठा आजार बरा करतायत, उलटीचं काय सांगायचं?" मी म्हणालो, "आपा, दुखणं लपवणं म्हणजे सब्र नाही." पुढच्या वेळी त्यांनी सांगितले. डॉक्टरांनी औषध बदलले, वेळही बदलली. गल्लीतली मळमळ पूर्ण गेली नाही. पण त्या संध्याकाळी मुलीने खिचडी मागितली.