एकतीस अंशांची सीमा

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्याला दाबाचा काटा नसतो. ते भरलेले आहे की नाही, हे वजन करून ठरवतात. याचे कारण शोधू लागलो, तेव्हा एक जुना समज मोडला. पुरेसा दाब दिला की कुठलाही वायू द्रव होतो, असे मी अनेक वर्षे धरून चाललो होतो. तसे होत नाही.

हाच समज एके काळी मोठमोठ्यांचा होता. मायकेल फॅरडेने १८२३ मध्ये क्लोरीन द्रवरूप केला, पुढे इतर अनेक वायूही केले. परंतु १८४५ मध्ये उणे ११० अंशांपर्यंत थंड करून, भरपूर दाब देऊनही ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन त्याला दाद देईनात. त्यांना ‘स्थायी वायू’ असे नाव पडले. उलगडा केला बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने, १८६९ मध्ये. कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सियसच्या वर असला, तर कितीही दाबा, द्रव वेगळा दिसतच नाही. प्रत्येक पदार्थाला अशी सीमा असते. तिला क्रांतिक तापमान म्हणतात. ऑक्सिजनची सीमा उणे ११८.६. फॅरडे अवघ्या आठ-नऊ अंशांनी चुकला होता!

आता आपल्या भागाकडे या. घोडनदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड, दोन्हीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे चैत्र-वैशाखाच्या दुपारी त्या नळकांड्यात धड द्रवही नसतो आणि धड वायूही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जहाजांवर कार्बन डायऑक्साइडची शीतयंत्रे होती. थंड समुद्रात ती उत्तम चालत, उष्ण कटिबंधात मात्र त्यांचा दम निघे. बर्फाच्या कारखान्यांनी अमोनिया धरला तो उगाच नव्हे. त्याची सीमा १३२ अंशांवर आहे.

हा फरक येतो कुठून? याचे पहिले नीट उत्तर योहानेस व्हान डेर वाल्सने १८७३ च्या प्रबंधात दिले. सुताराचा हा मुलगा शाळामास्तर होता आणि बरेचसे शिक्षण त्याने स्वतःच मिळवले होते. रेणू एकमेकांना ओढतात. ती ओढ जितकी घट्ट, तितकी सीमा वर, असा त्याच्या मांडणीचा सारांश. १९१० मध्ये त्याला नोबेल मिळाले.

ओढीची दोन कारणे डोळ्यांसमोर आणता येतात. पहिले ध्रुवता. मिथेन आणि अमोनिया वजनाने जवळजवळ सारखे, १६ आणि १७. पण मिथेनचा रेणू चहूबाजूंनी सारखा, त्याची सीमा उणे ८२.६. अमोनियाचा रेणू तिवईसारखा, एका टोकाला ऋण भार झुकलेला. त्यामुळे हायड्रोजनच्या दुव्यांनी रेणू एकमेकांना धरून ठेवतात. दुसरे कारण आकार. ब्यूटेन आणि आयसोब्यूटेन यांत अणू तेच आणि तेवढेच: चार कार्बन, दहा हायड्रोजन. ब्यूटेनची साखळी लांब, शेजाऱ्याला अंगभर चिकटणारी, सीमा १५२. आयसोब्यूटेन फांद्या फुटलेला, गोळीमोळी. स्पर्श कमी, सीमा १३५ च्या आसपास.

हा आयसोब्यूटेन आज आपल्या स्वयंपाकघरात आहे. फ्रीजमध्ये पूर्वी आर-१२ असे. त्याची सीमा ११२, काम चोख, पण त्याने ओझोनचे छत्र विरळ केले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हटत गेला. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फ्रीज तयार होतात. कुठल्याही नव्या फ्रीजच्या मागची पट्टी वाचा. बहुधा ‘आर-६००ए’ दिसेल. तोच आयसोब्यूटेन. तो पेट घेऊ शकतो, म्हणून फ्रीजमध्ये थोडाच भरतात.

शीतवायू निवडताना आग, विषारीपणा, ओझोन, सगळेच पाहावे लागते. पण पहिला प्रश्न आपल्या उन्हाचा. वैशाखात दौंडच्या फलाटावर जो वायू द्रव होऊच शकत नाही, त्याच्यावर साधे शीतयंत्र कसे चालणार? दीडशे वर्षांपूर्वी बेलफास्टच्या एका काचनळीत मोजलेला आकडा आजही आपल्या दुपारीशी हिशोब मांडतो.