गावातल्या डॉक्टरांचंही शिक्षण चालू असतं. बायकांच्या आजारात त्याचा काय उपयोग?

अंगावरून पांढरं जातंय, पाळीत जास्त जातंय, ओटीपोटात दुखतंय, असं काही झालं की बाई लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जात नाही. आधी जाते ती गावातल्या नाहीतर बाजाराच्या गावातल्या जनरल डॉक्टरकडे. तो काय करतो, यावर पुढचं बरंच ठरतं.

डॉक्टरांनी डिग्रीनंतरही शिकत राहावं, असा नियम आहे. 2002 च्या नियमावलीत दर 5 वर्षांत 30 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्याला सीएमई म्हणतात. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरण करताना त्याचे गुण दाखवावे लागतात. हे झालं एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांचं. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांची नोंद वेगळ्या परिषदांकडे असते, आणि खेड्यात दवाखाने जास्त करून त्यांचेच. शिवाय कोणत्या कार्यक्रमाला बसायचं हे डॉक्टरच ठरवतो. म्हणजे 30 तास भरले म्हणून त्यात बायकांचे आजार आलेच, असं नाही.

आता हे का महत्त्वाचं? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. 1989 साली ती जगापुढे आली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के.

पांढरं जाण्याचंच घ्या. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडं पातळ जाणं हा आजार नव्हे. दह्यासारखं घट्ट आणि खाज असेल तर बहुतेक बुरशी. माशासारखा वास येत असेल तर जंतू वेगळे. पिवळट-हिरवट, फेसाळ असेल तर आणखी वेगळे, आणि तिथं नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. न बघता सगळ्यांना एकच गोळी आणि एक सलाईन, हा काही इलाज नाही. कपाशीवर कोणती कीड आहे ते न बघता आपण तरी फवारा मारतो का?

दुसरी गोष्ट पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 साली हे छापून आलं. स्वस्त तपासणीही आहे, तिला व्हीआयए म्हणतात. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसला तर पुढं पाठवायचं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी ही तपासणी दर दोन वर्षांनी केली, तर मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. मग डॉक्टरला शिकायला काय अवघड आहे?

तिसरं, पिशवी काढण्याचं. बीडच्या ऊसतोड महिलांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली. जास्त रक्त जात असेल तर आधी रक्त, थायरॉईड, सोनोग्राफी बघतात, गोळ्या देतात, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवता येते. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागतं. ऑपरेशनमध्ये अंडाशयही काढले तर कमी वयात हाडं ठिसूळ होतात. मात्र पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर एक दिवसही घरी काढू नये.

दवाखान्यात आणि चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, तो बघा. "डॉक्टर, तपासून सांगा, नाहीतर कुठं जाऊ ते लिहून द्या," असं म्हणायला लाजू नका. डॉक्टर पुरुष असेल तर नर्स किंवा घरची बाई सोबत ठेवा. 30 वर्षांवरच्या महिलांची कॅन्सरची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. आपल्याकडे कोणत्या दिवशी आणि कुठं होते, ते आशाताईला विचारा.