दारूमुक्तीची बैठक आणि तिचे दार

दारू सोडण्याचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो प्रतिज्ञेचा. बैठकीचा कोणी लिहीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची एक होती. समूहाने एका दिवशी उच्चारलेली ती प्रतिज्ञा माणसाला पुढे रोज संध्याकाळी, गुत्त्यावरून जाताना, एकट्यानेच पाळावी लागते. हे एकटेपण कोणी कसे फोडले याचा शोध घेत मी अमेरिकेतल्या काळ्यांच्या इतिहासापर्यंत गेलो.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून निसटलेला माणूस. १८४५ च्या आत्मकथनात तो सांगतो की, नाताळच्या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम दारू पाजत, कोण जास्त पितो अशा पैजा लावत. हेतू हा की, स्वातंत्र्य म्हणजे हीच बेहोशी असे गुलामाला वाटावे आणि त्याने स्वतःच कंटाळून मुकाट्याने मळ्यावर परतावे. दारूला निव्वळ वैयक्तिक दुर्गुण समजणाऱ्या आपल्या विद्वानांनी ही पाने एकदा वाचावीत.

१८४० साली बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी वॉशिंग्टोनियन संस्था काढली. उपदेशक नको, पिणाऱ्यानेच पिणाऱ्याला आपली हकिकत सांगावी, हे तिचे तंत्र. ती काही वर्षांतच विरली. काळ्यांनी मद्यत्यागासाठी आपल्या स्वतंत्र संस्था चालवल्या, आणि त्याची किंमतही मोजली. १ ऑगस्ट १८४२ रोजी फिलाडेल्फियात, वेस्ट इंडिजमधील गुलामी संपल्याच्या स्मरणार्थ मद्यत्यागी काळ्यांची मिरवणूक निघाली. गोऱ्या जमावाने तिच्यावर हल्ला केला, काळ्यांचे चर्च आणि सभागृह जाळले. पिऊन पडलेला काळा त्यांना चालत होता; शुद्धीवर, रांगेत, ताठ मानेने चालणारा चालत नव्हता. महाड माहीत असलेल्या वाचकाला हे उलगडून सांगायला नको. डग्लसने १८४६ साली लंडनच्या मद्यत्याग परिषदेत ही हकिकत सांगितली, तेव्हा एका अमेरिकन धर्मोपदेशकाला राग आला तो दंगलखोरांचा नव्हे, डग्लसचा!

आज जगभर जी बैठक चालते तिचा उगम १९३५ चा. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर-व्यवहारातला माणूस अक्रन शहरात एका हॉटेलात अडकला होता. पुन्हा पिऊ म्हणून घाबरला आणि धर्मोपदेशकांना फोन करत सुटला. त्याला हवा होता दुसरा दारुडा, बोलायला. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटले आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख आला. संघटनेच्याच नोंदीप्रमाणे त्या वर्षात सभासद दोन हजारांचे आठ हजार झाले.

पण पत्ता सापडला म्हणजे दार उघडले असे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये विल्सनने दोन काळ्यांना बैठकीला बोलावले, तर सभासद बिथरले. तोडगा निघाला तो असा की, त्यांनी ‘निरीक्षक’ म्हणून बसावे! बैठक सर्वांची, पण बसण्याची जागा ज्याची त्याची, हा न्याय आपल्याला नवा नाही. अखेर १९४५ साली वॉशिंग्टनमध्ये एका काळ्या डॉक्टरने काळ्यांचा पहिला गट सुरू केला. संघटनेच्या रिवाजाप्रमाणे त्याचे पूर्ण नाव मी लिहीत नाही. आधी एका बाईच्या घरी जमत, मग भाड्याच्या खोलीत. कधी कधी दोनतीनच माणसे असत.

या बैठकीतली एक रीत मला आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. तिथे माणूस फक्त पहिले नाव सांगतो. आडनाव नाही. फी नाही, दारू सोडण्याची इच्छा हीच पात्रता. अमेरिकनाला यात अब्रू झाकणे दिसते. मराठी माणसाला यात जात झाकणे दिसेल. कारण आपल्याकडे आडनाव विचारणे म्हणजे काय विचारणे असते ते सर्वांना ठाऊक आहे. अर्थात आडनाव गाळल्याने जात गळत नाही. बोली सांगते, वस्तीचे नाव सांगते, आणि ‘पहिल्यांदा कुठे प्यायलात?’ याचे खरे उत्तर तर सगळेच सांगते. शिवाय आपली हकिकत सांगताना जातीचा अपमान गाळायचा असेल, तर ती हकिकत कसली? अर्धी गोष्ट सांगून पुरती दारू सुटेल असे मला वाटत नाही. वॉशिंग्टनच्या स्वतंत्र गटाचे मोल इथे कळते: तिथे वर्णाचे दुःख समजावून सांगावे लागत नसणार.

भारतात ही संघटना १९५७ च्या सुमारास दिल्लीत रुजली, म्हणजे दीक्षेनंतर अवघ्या वर्षाने. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने. पण उपचार संपवून माणूस परततो तो त्याच वस्तीत, त्याच गुत्त्यासमोर. जवळची बैठक कुठे, हे विचारायचे कोणाला? शेजारी विचारले तर बोभाटा. मग शोध बहुधा बायकोच घेते, धुण्याभांड्याच्या घरी कोणाकडून तरी ऐकून.

आपल्या विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी मागच्या रांगेतले एखादे डोके खाली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या माणसाला पुढे बोलावून व्याख्यान देणारे पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराची किल्ली त्याच्यासारख्याच चौघांच्या हाती देऊन बाकीच्यांनी घरी जावे, हा ठराव मात्र कोणत्याही समितीत मी अजून ऐकलेला नाही.