फायलीचा पोटमाळा

एका नावाखाली ओळीने मांडलेले बाइट म्हणजे फाइल, ही युनिक्सची साधी समजूत. १९८४ साली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशने ती मोडली. मॅकवरच्या फायलीला दोन कप्पे असत. ‘डेटा फोर्क’मध्ये मजकूर आणि ‘रिसोर्स फोर्क’मध्ये आयकॉन, मेनू, फॉन्ट असा सगळा सरंजाम. वापरणाऱ्याला दिसे ती एकच फाइल. शिवाय फाइल कोणत्या प्रकारची आणि कोणत्या प्रोग्रॅमने बनवलेली, हे चार-चार अक्षरांच्या दोन खुणांमध्ये नोंदलेले असे. नावामागे शेपूट लावायची गरजच नव्हती.

फाइल घरात होती तोवर सगळे ठीक. घराबाहेर पडली की पंचाईत. डॉसच्या फ्लॉपीवर दुसऱ्या कप्प्याला जागाच नव्हती. त्या काळचे मॅकवरचे पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट तर अख्खे रिसोर्स फोर्कमध्येच राहत. पीसीवर नेले की नाव शाबूत, आकार ० केबी.

ओएस/२ या संगणक प्रणालीत १९८९ च्या सुमारास वेगळी वाट निघाली. एचपीएफएस या फाइल प्रणालीत प्रत्येक फायलीला ६४ केबीपर्यंत जादा नोंदी, म्हणजे ‘एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट’, जोडता येत. डॉसच्या जुन्या फॅट पद्धतीच्या डिस्कवर त्यांची सोय नव्हती, म्हणून सगळ्या फायलींच्या नोंदी एकाच लपलेल्या फायलीत कोंबल्या जात. ही फाइल उडाली की सगळ्यांच्याच नोंदी जात.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग जास्त मोकळा होता. १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आली आणि एका फायलीत हवे तितके ‘प्रवाह’ (स्ट्रीम), म्हणजे स्वतंत्र नावाचे कप्पे, ठेवता येऊ लागले. कारण अगदी व्यवहाराचे होते: एनटी सर्व्हरवर मॅकवाल्यांच्याही फायली ठेवायच्या, तर त्यांच्या रिसोर्स फोर्कला जागा हवी. नावानंतर अपूर्णविराम देऊन प्रवाहाचे नाव लिहायचे, इतकेच. ‘हिशेब.टीएक्सटी:टिपण’ या नावाने कितीही मोठा मजकूर लिहिला, तरी एक्सप्लोररमध्ये हिशेबाच्या फायलीचा आकार तसूभरही वाढलेला दिसत नाही. व्हायरस लिहिणाऱ्यांनी याचा फायदा घेतला नसता तरच नवल. १९९८ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर पानाच्या पत्त्यामागे मुख्य प्रवाहाचे नाव, ‘::$डेटा’, जोडले की पान चालण्याऐवजी त्याचा आतला कोडच समोर येत असे.

पुढे याच जागेचा चांगला उपयोग झाला. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून इंटरनेटवरून उतरवलेल्या फायलीला ‘झोन.आयडेंटिफायर’ हा छोटा प्रवाह चिकटू लागला. त्यात ३ हा आकडा असला की फाइल बाहेरून आली, असा अर्थ. फाइल उघडताना विंडोज जो इशारा देते, तो त्यावरूनच. फॅटच्या पेनड्राइव्हवर ती एकदा फिरवून आणली की हा शिक्का गळून पडतो.

लिनक्सने नोंदींची वाट धरली. प्रवाह ही फायलीतली जवळजवळ दुसरी फाइलच, मधूनच वाचता-लिहिता येणारी. नोंद मात्र नाव आणि किंमत अशी छोटी जोडी, एकदम अख्खी वाचायची नि एकदम अख्खी लिहायची. लिनक्सचा गाभा एका नोंदीला ६४ केबीपर्यंत मुभा देतो. ईएक्सटी४ वर मात्र एरवी सगळ्या नोंदी मिळून साधारण ४ केबीतच भागवावे लागते. विंडोजवाल्यांना लिनक्सवरच्या फायली पुरवणारा सांबा सर्व्हर विंडोजचे प्रवाह लिनक्सच्या नोंदींमध्ये ठेवू शकतो, पण प्रवाह मोठा निघाला की गाडी इथेच अडते.

मायक्रोसॉफ्टलाही ही सोय टाकून देता आली नाही. २०१२ च्या नव्या आरईएफएस प्रणालीतून प्रवाह वगळले होते. वर्षभरातच ते १२८ केबीच्या मर्यादेसह परत आले.

अ‍ॅपलने २००५ च्या ‘टायगर’मध्ये नोंदी आणल्या आणि जुना रिसोर्स फोर्कही त्यांच्यातलीच एक नोंद म्हणून दिसू लागला. जिथे नोंदींना जागा नाही, तिथे मॅक अजूनही शेजारी दुसरी फाइल ठेवतो. तिचे नाव ‘._’ ने सुरू होते. पेनड्राइव्ह टीव्हीला लावल्यावर प्रत्येक गाणे दोनदा दिसते आणि त्यातले एक वाजत नाही, ते यामुळे. गाण्या-फोटोंच्या बाबतीत ही फाइल खुशाल पुसावी. जुन्या मॅक फॉन्टच्या शेजारची पुसली, तर फॉन्टच गेला.